कोयीत हापूस असतो का? (चर्चा: क्षमता आणि पूर्णत्व)

मूळमुद्दा:
'बीजात वृक्ष असतोच, फक्त प्रकट व्हायचा असतो' हे वाक्य या विषयावर हमखास येतं. माझ्या मते ते चूक आहे, आणि हापूसची कोय हा त्याचा पुरावा. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागातून धरलेला. कोय लावली तर आंबा येतो, पण हापूस येईल याचा भरवसा नाही. हापूस हवा तर हापूसच्या झाडाचीच काडी आणून कलम बांधावं लागतं.

अ‍ॅरिस्टॉटलकडे यासाठी तीन शब्द आहेत. दुनामिस म्हणजे क्षमता, एनेर्गेइया म्हणजे ती प्रत्यक्ष चालू असणं, आणि एन्तेलेखेइया म्हणजे साध्य गाठून त्यात टिकून राहणं. त्याचा ठाम दावा असा की प्रत्यक्ष आधी, क्षमता नंतर. एका झाडापुरतं पाहिलं तर बीज आधीचं वाटतं, पण ते बीज पूर्ण वाढलेल्या झाडानेच दिलेलं असतं.

अव्यक्त:
उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या कोयीतून फणस का येत नाही? सांख्य दर्शनाच्या ईश्वरकृष्णाने नवव्या कारिकेत (श्लोकात) सत्कार्यवादाची, म्हणजे कार्य आपल्या कारणात आधीपासून असतंच या मताची, पाच कारणं दिली आहेत: जे नाहीच ते करता येत नाही, दह्यासाठी दूधच घ्यावं लागतं, कशातूनही काहीही होत नाही, समर्थ कारण त्याला शक्य तेच करतं, आणि कार्य कारणाच्याच स्वरूपाचं असतं. कोयीत इवलंसं झाड दुमडून ठेवलंय असं सांख्य म्हणत नाही. जे अव्यक्त होतं ते व्यक्त होतं, एवढंच म्हणतं.

पतंजलीच्या योगसूत्रांत, कैवल्यपाद या चौथ्या भागात, तिसऱ्या सूत्रात, शेतकऱ्याचा दाखला आहे. तो पाणी ढकलत नाही, आड आलेला बांध फोडतो. पाणी उताराने आपलं आपण जातं. कलम बांधणारा तेवढंच करतो.

पाचर:
'तेवढंच' पटलं नाही. कोय कलमाचा खुंट, म्हणजे कोयीतून उगवलेलं रोप, 10 ते 15 दिवसांचा लागतो, पानं तांबूस आणि खोड कोवळं असतानाचा. डोळकाडी, म्हणजे हापूसच्या झाडाची काडी, 3-4 महिन्यांची, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, खुंटाच्याच जाडीची. काडी कापण्याआधी 8-10 दिवस झाडावरच तिची पानं खुडतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग खुंटाला उभी चीर, काडीला 3-4 सेंटिमीटरची पाचर, आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट. काडी बारीक असेल तर निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे, नाहीतर सालीखालचा वाढीचा थर जुळत नाही. मग अशी काडी काही दिवस हिरवी दिसते आणि नंतर काळी पडते. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करतात, कारण कोरड्या हवेत सांधा जुळायच्या आत काडी सुकते.

इथे कुठला बांध फोडला? दोन वेगळ्या जिवांचा जोड घातला, जो आधी कुठेच नव्हता.

प्रागभाव:
नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, नेमकं हेच म्हणतात. कार्य आधीपासून असेल तर कारागिराची गरज काय? 'प्रकट करायला' म्हणाल तर ते प्रकट होणं आधी होतं की नव्हतं? होतं म्हणालात तर खटपट व्यर्थ. नव्हतं म्हणालात तर जे नव्हतं ते उत्पन्न झालं, म्हणजे माझंच म्हणणं. मातीच्या गोळ्यात पाणी भरता येत नाही, घटात येतं. कलमात काडी आणि खुंट ही समवायी कारणं (ज्यांची वस्तू बनते), त्यांचा संयोग असमवायी (त्यांचा जोड), आणि माळी, चाकू, पट्टी ही निमित्तं (घडवणारी). यातलं एक चुकलं तरी कलम नाही.

अव्यक्त:
मग तंतूंतून घट का होत नाही? घटाचा अभाव तर तंतूंतही आहे आणि मातीतही. नुसत्या अभावाने निवड होत नाही. मातीत काहीतरी असावंच लागतं. लोक 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता' ऐकवतात, पण पुढच्या ओळी सोडून देतात. तो श्लोक वाळूतून तेल निघतं हे सांगायला नाही, मूर्खाची समजूत त्याहून अवघड आहे हे सांगायला आहे.

सरळरेघ:
तुम्ही सगळेच क्षमतेला वस्तू समजताय. जे घडतंय तेवढंच शक्य होतं. न घडलेल्याला 'क्षमता होती' म्हणणं ही समजूत आहे, ज्ञान नाही.

मूळमुद्दा:
@सरळरेघ, ही प्राचीन ग्रीसमधल्या मेगाराच्या तत्त्वज्ञ-पंथाची भूमिका, आणि अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर आजही पुरेसं आहे. मग गवंडी जेवायला बसला की त्याची विद्या जाते, आणि थापी उचलली की लगेच परत येते? डोळे मिटलेला माणूस आंधळा ठरतो? शिवाय क्षमतेचे दोन थर आहेत. मूल व्याकरण शिकू शकतं, ही पहिली. शिकलेला माणूस गप्प बसलाय, ही दुसरी. पहिलीतून दुसरीत यायला शिक्षण आणि सराव लागतो. दुसरीला अडथळा नसला आणि इच्छा असली की पुरे. पतंजलीचा बांध दुसरीला चपखल बसतो, पहिलीला नाही. शाळेत मुलांची 'सुप्त क्षमता' बाहेर काढायची भाषा चालते तिथे हाच घोळ होतो.

पाचर:
माझी शंका वेगळी. पूर्णत्व ठरवलं कोणी? आंब्याची वेंगुर्ल्याची 'सिंधू' जात घ्या, रत्ना आणि हापूस या दोन जातींच्या संकरातली. कोय अगदी पातळ, गर भरपूर. खाणाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण, पण वंश पुढे न्यायला कोय जवळजवळ निकामी. झाडाचं साध्य बीज धरणं असेल तर ही अपुरी म्हणायची का?

मूळमुद्दा:
हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. स्वतःतच साध्य असणारी गोष्ट आणि कारागिराने साध्य घातलेली गोष्ट हे अ‍ॅरिस्टॉटलने वेगळे मानले होते, आणि मी सुरुवातीलाच ते एकत्र केले. हापूस हे माळ्याचं साध्य आहे. कोयीला विचारायचा प्रश्न 'तुझ्यात आंब्याचं झाड आहे का' एवढाच. ताजी कोय पावसाच्या तोंडावर मातीत घातली, तर माझं उत्तर हो. पण आंब्याची कोय सुकवून साठवता येत नाही. महिना-सव्वा महिना कोरडी पडून राहिली की ती सहसा रुजत नाही, आणि बाहेरून मात्र तशीच दिसते. @अव्यक्त, त्या सुकलेल्या कोयीत झाड आहे का?

अव्यक्त:
नाही. ती आता समर्थ कारण राहिली नाही. चौथं कारण पुन्हा वाचा.

प्रागभाव:
मग सामर्थ्य आलं-गेलं म्हणा. झाड तिथे होतं असं कशाला म्हणायचं?