येद्वाबने, २०१८ चा कायदा आणि पोलंडची आठवण

मुशाफिर:
१० जुलै १९४१. पोलंडमधल्या येद्वाबने गावात पोलिश गावकऱ्यांनी आपल्याच ज्यू शेजाऱ्यांना चौकात गोळा केलं, फरसबंदीतलं गवत उपटायला लावलं, लेनिनचा पुतळा फोडून त्याचे तुकडे वाहायला लावले आणि मग बायकापोरांसकट कोठारात कोंडून पेटवून दिलं. चिथावणी नुकत्याच आलेल्या जर्मनांची, हात गावकऱ्यांचे. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासानुसार बळी किमान ३४०. पण गावातल्या जुन्या स्मारकावर सगळं खापर गेस्टापो आणि जर्मन पोलिसांवर फोडलेलं होतं! २००१ मध्ये ते हटलं आणि राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्कींनी तिथेच माफी मागितली.

पुढे २०१८ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला: नाझी गुन्ह्यांचा ठपका पोलिश राष्ट्रावर ठेवाल तर तीन वर्षांपर्यंत कैद. माझ्या मते ही आठवणीची राखण नाही, राष्ट्राच्या अब्रूची आहे.

पंचगंगाकाठ:
साफ असहमत. मी कोल्हापूरचा. १९४३ ते ४८ आमच्या वळीवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेले. त्यांचा देश हिटलर आणि स्टालिनने मिळून वाटून घेतला होता. नाझींच्या तालावर नाचणारं सरकार पोलंडने दिलं नाही. ज्यूला लपवलं तर अख्ख्या घराला मरण. मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना आसरा दिला. मार्च १९४४ मध्ये त्या आठ जणांसह नवरा, गरोदर बायको आणि सहा मुलं, सगळ्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्राएलने गौरवलेल्यांत सर्वाधिक, सात हजारांहून जास्त, पोलिश आहेत. तरी २०१२ मध्ये खुद्द ओबामा जाहीर भाषणात 'पोलिश मृत्युछावणी' बोलून गेले. चीड येणार नाही?

मुशाफिर:
चीड रास्तच आहे, छावण्या जर्मनांच्याच होत्या. पण उल्मांची चुगली एका पोलिश पोलिसाने केली असं मानलं जातं, तेही सांगा की. आणि ४ जुलै १९४६ चं, पोलंडच्याच किएल्त्से शहरातलं हत्याकांड? एका मुलाला ज्यूंनी पळवल्याची आवई उठली आणि जमाव, पोलीस, सैनिक सगळ्यांनी मिळून ४२ ज्यू मारले. तेव्हा जर्मन जाऊन वर्ष उलटलं होतं. छळछावणीतून जिवंत परतलेली माणसं होती हो त्यात.

तर्कट:
दोघांचं चालू द्या, माझा प्रश्न सरळ आहे. पोलंडमध्ये १९९८ पासून नाझी गुन्हे नाकारणं गुन्हा आहे. तो कायदा चालतो, मग राष्ट्राची बदनामी करणाऱ्याला शिक्षा का नको? शिवाय २०१८ च्या कायद्यात संशोधक आणि कलावंतांना सूट होती. शिक्षेचं कलमही त्याच वर्षी जूनमध्ये रद्द झालं. उगाच बाऊ.

मुशाफिर:
फरक आहे. एक कायदा धडधडीत खोटं बोलणाऱ्याला पकडतो, दुसरा खरं बोलणाऱ्यालाही कोर्टात खेचू शकतो. तुमच्या त्या 'सूट'चं म्हणाल, तर २०२१ मध्ये एंगेलकिंग आणि ग्राबोव्स्की या इतिहासकारांना युद्धकाळातल्या एका पोलिश गावप्रमुखाबद्दलच्या मजकुरासाठी कोर्टाने माफी मागायला सांगितलं. खटला दिवाणी, वेगळ्या तरतुदीखाली. अपिलात निकाल फिरला. पण तोवर महिने गेले. गावोगावचे कागद चाळणारा तरुण संशोधक अशाने दहा वेळा कचरणार.

पंचगंगाकाठ:
तो खटला मलाही पटला नव्हता. पण बाहेरचे लोक पोलंडकडे येद्वाबनेच्या एकाच खिडकीतून बघतात, त्याचं काय?

मुशाफिर:
मग आजच्या काळातल्या ग्शेगोश ब्राउन या पोलिश नेत्याकडे बघा. डिसेंबर २०२३ मध्ये या खासदाराने संसदेत हनुक्का या ज्यू सणाचे दिवे अग्निशामक नळकांड्याने विझवले. २०२५ मध्ये अध्यक्षपदासाठी उभा राहिला, सहा टक्क्यांहून जास्त मतं घेतली आणि नंतर म्हणाला, ऑश्विट्झच्या नाझी छावणीतले, ज्यूंना मारायचे गॅस चेंबर बनावट.

तर्कट:
आणि चौकशी लागली ती १९९८ च्याच कायद्याखाली. म्हणजे कायदे लागतातच की!

पंचगंगाकाठ:
ब्राउनची तरफदारी मी करणार नाही. वळीवड्याला आलेल्यांत पोलिश ज्यूही होते. २०१८ च्या कायद्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

मुशाफिर:
ठीक. माझंही नाही.