ट्रीटमेंट संपली आणि आता धावायला गेलं की रडू येतं. हाफ मॅरेथॉनला नाव घालू का?

माहीमची_सकाळ:
नमस्कार मंडळी. वय ४४, ब्रेस्ट कॅन्सर. लाल औषधाचे चार केमो, मग दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेलचे बारा केमो, ऑपरेशन, रेडिएशन, सगळं जूनमध्ये संपलं. आधी दोनदा मुंबई मॅरेथॉन फुल केलीये. केमो चालू होते तेव्हा मी एकदम खंबीर होते, कारण सोळा केमो म्हणजे मला सोळा आठवड्यांचा ट्रेनिंग प्लॅनच वाटायचा, कॅलेंडरवर फुली मारली की झालं. आता फुली मारायला काही उरलंच नाहीये. घरी पेढे वाटले, सगळे म्हणतात जिंकलीस, आणि मी शिवाजी पार्कला दुसऱ्या फेरीत पोचले की घसा दाटून येतो, थांबते आणि कट्ट्यावर बसते. केमोमुळे बोटं अजून बधीर आहेत, बुटांची लेस मुलगी बांधून देते, ती बांधताना वर बघत नाही आणि मीही तिच्याकडे बघत नाही. जानेवारीतल्या हाफचं नाव घालावंसं वाटतंय पण मला धावायचंय की लोकांना दाखवायचंय हेच कळत नाही. कुणी यातून गेलंय का?

हिंदू_कॉलनी_रनर:
ताई, मला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होता, सहा वर्षं झाली. माझंही रडणं ट्रीटमेंट संपल्यावरच सुरू झालं. इतके महिने कुणी ना कुणी तपासत असतं आणि एक दिवस सांगतात आता तीन महिन्यांनी या, मग साधी पाठ दुखली तरी वाटतं परत आलं. मी फाइव्ह गार्डन्सला बाकावर बसून राहायचो. तुम्ही कट्ट्यावर बसता ना, बसा खुशाल. मला सगळे कॅन्सरमुळे पाय गमावलेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्सचं उदाहरण द्यायचे, कृत्रिम पाय लावून रोज मॅरेथॉनएवढं धावला म्हणून. पण १९८० मध्ये १४३ दिवसांत ५,३७३ किमी धावल्यावर कॅन्सर फुप्फुसांत पसरलेला निघाला आणि त्याला थंडर बेजवळ थांबावं लागलं, कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला तो पोचलाच नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचलं त्या दिवशी छातीवरचं ओझं उतरलं.

ठाणे_फिजिओ:
आधी ऑन्कोलॉजिस्टना विचारा आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर त्याबद्दलही बोला, ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयावर परिणाम करू शकतं. पायही बधीर असतील तर अंधारात फुटपाथवर नको, पार्कातली माती बरी, आणि घरी आल्यावर तळवे नीट बघायचे, फोड आलेला कळत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजतोय का लक्ष ठेवा. हाफ नंतर बघू, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास एवढ्यानेही थकवा आणि बेचैनी कमी होते, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये तसं दिलंय. आणि रडू येतंय हेसुद्धा डॉक्टरांना सांगा, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत त्यासाठी सायकॉलॉजिस्ट असतात.

परळचा_नवरा:
मी पेशंट नाही, माझी बायको होती, आता बरी आहे. मी तिला रोज फायटर म्हणायचो. एकदा म्हणाली, मग मी आज दमलेय हे कुणाला सांगू? मला काही उत्तरच देता आलं नाही. त्या दिवसापासून तो शब्द बंद केला. इलास्टिकच्या लेस मिळतात ताई, बांधाव्या लागत नाहीत, पण मुलगी बांधतेय तोवर तिला बांधू दे, तिलाही काहीतरी करायचं असणार.

माहीमची_सकाळ:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. परळच्या दादांचं मुलीला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच दोघी एकत्र रडलो. इको मंगळवारी आहे. हाफचं नाव अजून घातलेलं नाही. उद्या सहाला पार्कला जातेय, ती म्हणाली मी पण येते, कट्ट्यावर बसेन.