विषय: लेन्सही गेली, पैसेही गेले

मंडळी, नमस्कार.

सव्वा महिन्यापूर्वी माझी जुनी टेलिफोटो लेन्स ऑनलाइन विकली. गिऱ्हाईक गोड बोलणारं. घासाघीस नाही, कार्डाने लगेच पैसे. मग निरोप आला, "बहिणीला भेट द्यायची आहे, पार्सल तिच्याच पत्त्यावर पाठवाल का?" पाठवलं. काल माझ्या खात्यातून सगळी रक्कम परत वळती झाली, वर शुल्क कापलं ते वेगळंच! म्हणे, हा व्यवहार आपण केलाच नाही असं कार्डधारकाने कळवलंय. पार्सल पोचल्याची सही माझ्याकडे आहे, तरी पुरावा अपुरा. हे कसं?

– लेन्सवाले काका

---

काका,

मी काही वर्षं बँकेच्या डिस्प्यूट विभागात, म्हणजे वादातल्या व्यवहारांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागात, काढली आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते, राग मानू नका. गोम त्या 'बहिणी'त आहे. तुमच्याकडे सही आहे, पण व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावरची नाही. पत्ता बदलला की विक्रेत्याला मिळणारं संरक्षण बहुतेक ठिकाणी तिथेच संपतं, आणि ही मंडळी पत्ता बदलायला लावतात ती नेमकी त्यासाठीच. कार्ड बहुधा चोरीचं. खऱ्या मालकाला कळतं ते स्टेटमेंट हातात पडल्यावर, म्हणून एवढे दिवस सगळं शांत होतं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक तक्रारींना 120 दिवसांपर्यंत मुदत असते, पेपॅलवर ग्राहकाला 180 दिवस मिळतात. तोवर खात्यात दिसणारी रक्कम आली म्हणायची, मिळाली नाही.

तरी या तक्रारीला उत्तर द्याच. पत्ता बदलायला सांगितलेला मूळ निरोप, पोस्टाची पावती, लेन्सचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो, सगळं एकत्र जोडा. पोलिसांत तक्रारही नोंदवा. पैसे परत येतीलच असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर शक्यता कमी आहे.

---

ताईंनी कार्डाचं सांगितलं, मी चेकचं सांगतो. माझ्या घड्याळासाठी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा बँक ड्राफ्ट आला. "चुकून जास्त लिहिलं, वरचे पैसे परत पाठवा." खात्यात रक्कम दुसऱ्याच दिवशी दिसली, मी परत पाठवायला बसलोही होतो. पण बँकेने पैसे वापरायला दिले म्हणजे चेक वटला असं नाही, खोटा निघायला आठवडे लागू शकतात. वाचवलं बायकोने. मोबाईलवर काढून ठेवलेला ड्राफ्टचा फोटो तिने मोठा करून पाहिला, तर बँकेच्या नावातच एक अक्षर चुकलेलं! त्यावर छापलेल्या नंबरवर फोन केला असता तर भामट्यानेच उचलला असता, म्हणून बँकेच्या साइटवरून नंबर काढून विचारलं. घड्याळ अजून माझ्याच मनगटावर आहे.

---

ताई, कॅमेराही विकायचाय. आता समोरासमोरच देतो, मग झालं ना?

– काका

---

अर्धंच झालं, काका. समोरासमोर वस्तू देऊन पैसे कार्डाने किंवा पेपॅलसारख्या अ‍ॅपने घेतलेत, तर 'वस्तू मिळालीच नाही' म्हणायला गिऱ्हाईक मोकळं, आणि तुमच्याकडे पार्सलची पावतीसुद्धा नाही. बँकेच्या शाखेतच भेटा. पैसे त्याने तुमच्यासमोर खात्यात टाकावेत, आणि ते आल्याचं तुम्ही स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपवर बघा. त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. 'पैसे अडकलेत, ट्रॅकिंग नंबर द्या म्हणजे सुटतील' अशी ईमेल आली तर पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून बघा. कंपनीच्या नावाला बहुतेक वेळा काहीतरी शेपूट जोडलेलं सापडेल.

सिरीयल नंबरचा फोटो मिळाला का?

---

मिळाला. जाहिरातीसाठी काढला होता तोच. नंबर स्वच्छ दिसतोय, फक्त शेवटच्या दोन आकड्यांवर माझा अंगठा आहे. विकत घेतल्याचं बिल माळ्यावर असेल, मुलगा शिडी घेऊन आत्ताच चढलाय. उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत.

– काका