संग्राहकाचे दान: नवे दालन हवे की जुन्याचा सांभाळ?

धागाकर्ता, जळगाव
जहांगीर निकल्सन हे मुंबईचे कापूस व्यापारी. १९६८ पासून ते आधुनिक भारतीय चित्रे विकत घेऊ लागले आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी सुमारे आठशे कलाकृती जमवल्या. २०११ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील त्यांच्या नावाच्या दालनात हा संग्रह लोकांना पाहता येतो. कापसाच्या पैशातून हे घडू शकते, तर पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या आणि जिनिंग चालवणाऱ्या खानदेशातील धनिकांनीही असे दालन जळगावात उभारावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद, धुळे
आपली तळमळ पटते, पण उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. निकल्सन यांच्या संग्रहाला जागा दिली ती १९२२ मध्ये खुल्या झालेल्या जुन्या वस्तुसंग्रहालयाने. आपल्याकडेही जुनी कागदपत्रे आणि वस्तू जपणारे धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचे कलादालन आहे. इमारतीला देणगीदार मिळतो. वाळवीच्या बंदोबस्ताला, विजेच्या बिलाला, नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराला सहसा मिळत नाही. माझ्या घरातील आजोबांच्या जलरंगचित्रावर दोनच पावसाळ्यांत काचेच्या आत पांढरी बुरशी धरली आणि आकाशाचा निळा रंग डागाळला. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि लगेच येणारी दमट हवा कॅनव्हासला सोसवत नाही. आधी आहे ते वाचवावे.

प्रतिसाद, चाळीसगाव
सांभाळ हवाच, पण म्हणून नवे काही आणायचेच नाही, हे मला मान्य नाही. अमूर्त शैलीचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे मूळ चित्र मी प्रथम पाहिले ते चाळिशी उलटल्यावर, मुंबईत. छापील प्रतीत सपाट वाटणारा रंग प्रत्यक्षात थरावर थर चढवलेला, मध्येच खरवडलेला होता, आणि त्या खरवडीतून खालचा उजेड वर येत होता. खानदेशातील चित्रकलेच्या विद्यार्थ्याने यासाठी रात्रभर रेल्वेत का बसावे? शिवाय संग्राहक हयात चित्रकाराचे काम विकत घेतो, तेव्हा त्या चित्रकाराचे पुढचे वर्ष निभावते. हेही दानच आहे.

धागाकर्ता
धुळेकरांचा आक्षेप मी स्वीकारतो. प्रत्येक चित्रासोबत देखभालीसाठी कायम ठेव द्यावी, आणि दालन नव्या इमारतीऐवजी जुन्या संस्थेत असावे.

प्रतिसाद, धुळे
एवढे झाले तर माझा विरोध उरत नाही. मात्र भिंतीवर कोणते चित्र लावायचे, हे देणगीदाराने नव्हे, तर संग्रहालयाच्या अभिरक्षकाने (क्युरेटरने) ठरवावे, या अटीवर मी ठाम आहे.