इथेनॉलचा फ्युएल सेल: प्लॅटिनमऐवजी मॉलिक्युलर कॅटॅलिस्ट का?

मळीवाला: साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे. आमचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. ते न जाळता फ्युएल सेलमधून थेट वीज मिळते म्हणतात. त्यात कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून वापरतात ते प्लॅटिनम महाग, हे कळलं. पण धातूचा एक अणू आणि भोवती त्याला जोडलेले सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगँड, असलं कॉम्प्लेक्स (मॉलिक्युलर कॅटॅलिस्ट) तिथे नेमकं करतं काय?

लिगँडवाली: माझी पीएचडी अशाच कॉम्प्लेक्सवर झाली, म्हणून जरा सविस्तर.

अडचण नुसत्या किमतीची नाही. इथेनॉलचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड झाला तर रेणूमागे १२ इलेक्ट्रॉन मिळतात. त्यासाठी दोन कार्बनमधला बंध तुटायला हवा. प्लॅटिनमवर तो सहजी तुटत नाही, आणि तुटलाच तर कार्बन मोनॉक्साइड होऊन पृष्ठभागाला चिकटून बसतो. बाकीचं वाटेतच थांबतं: थोडं ॲसिटाल्डिहाइड, थोडं ॲसिटिक ॲसिड. हाती येते ती खिचडी.

२०१० मध्ये झुरिकचे ग्रुट्झमाखर आणि फ्लोरेन्सचे बियांकिनी यांच्या गटांनी ऱ्होडियमचं कॉम्प्लेक्स कार्बनच्या भुकटीवर बसवून त्याचाच ॲनोड, म्हणजे इंधनाकडून इलेक्ट्रॉन घेणारा इलेक्ट्रोड, केला. ऱ्होडियम आणि त्याला जोडलेला नायट्रोजन मिळून अल्कोहोलचे हायड्रोजन काढून घेतात, इलेक्ट्रोड त्यांतले इलेक्ट्रॉन ओढतो, कॉम्प्लेक्स पुन्हा मोकळं. कार्बन-कार्बन बंधाला हातच लावायचा नाही. अल्कलीत इथेनॉलचं सरळ ॲसिटेट (ॲसिटिक ॲसिडचा क्षार) होतं, ४ इलेक्ट्रॉन देऊन.

मळीवाला: ताई, १२ पैकी ४ च? बाकीचे वाया गेले की!

लिगँडवाली: विजेच्या हिशेबाने हो. म्हणूनच मी याला जनरेटर म्हणत नाही. हा ॲसिटेटचा प्लांट आहे, जो वीज खाण्याऐवजी देतो. डिस्टिलरीने याच नजरेने बघावं असं मला मनापासून वाटतं.

कॉस्टिकवाला: अल्कली फुकट नाही. ॲनोडवर इथेनॉलच्या एका रेणूला अल्कलीतले ५ हायड्रॉक्साइड लागतात, समोरच्या कॅथोडवर ४ परत मिळतात, एक संपतो. म्हणजे ४६ किलो इथेनॉलमागे ४० किलो कॉस्टिक सोडा संपणारच. मिळेल ८२ किलो सोडियम ॲसिटेट. शिवाय ऱ्होडियम काही स्वस्त धातू नव्हे.

लिगँडवाली: दोन्ही मुद्दे खरे. लोखंडाच्या कॉम्प्लेक्सवरही काम चालू आहे. मला मोठी काळजी टिकाऊपणाची. कॉम्प्लेक्स मोडून धातूचे कण झाले तरी करंट येऊ शकतो, आणि आपण समजतो रेणूच काम करतोय. म्हणून वापरलेला इलेक्ट्रोड सॉल्व्हंटने धुवायचा आणि त्या द्रावणाचा फॉस्फरस एनएमआर (फॉस्फरसचा अणू कशाला जोडलाय ते दाखवणारा आलेख) काढायचा. ऱ्होडियमच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरस असलेला लिगँड, आहे. ते ऱ्होडियमला जोडलेलं राहिलं असेल तर फॉस्फरसची रेघ दुभंगलेली दिसते.

मळीवाले, तुमच्या स्पिरिटमध्ये फ्यूजल ऑइल किती असतं? तीही अल्कोहोलंच, त्यांचीही ॲसिडं होऊन ॲसिटेटमध्ये मिसळतील.

मळीवाला: ते आम्ही कॉलमलाच वेगळं काढतो, राहिलेलं तपासून सांगतो. पण पाण्याचं काय? पेट्रोलसाठी मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर, पाणी काढावं लागतं, त्यात वाफ बरीच खर्च होते.

लिगँडवाली: इथे ती गरज नाही. सेलमध्ये अल्कली पाण्यातलीच असते, तुमचं स्पिरिट पाण्यासकट चालेल.