कसाला उतरलेले सुटे भाग: माउंटन बाइकवर टिकाऊ कोणते आणि नुसते नावाजलेले कोणते?

खडीवाट

माउंटन बाइकचे कोणते भाग खरोखर कसाला उतरले, यावर चर्चा करू या. पण आधी कस कोणता लावायचा ते ठरवायला हवं, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सायकलवर जे बसवलंय त्याचीच शिफारस करत सुटेल.

माझा निकष सरळ आहे. भाग घरच्या घरी उघडता यावा, आत जे झिजतं ते सुटं मिळावं आणि परत जोडल्यावर तो पहिल्यासारखा चालावा. चिखल, पाणी आणि बारीक खडी यांच्यापुढे सगळंच झिजतं. त्यामुळे "कधीच बिघडला नाही" या वाक्यावर माझा भर नाही.

पहिलं नाव डीटी स्विसच्या ३५० हबचं (हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्याला स्पोक जोडतात). यात पॉल, म्हणजे चाकाला एकाच दिशेने अडकवणाऱ्या छोट्या खिट्ट्या, नसतात. दोन दातेरी कड्या समोरासमोर असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. पेडल मारलं की सगळे दाते एकदम अडकतात, त्यामुळे जोर तीन-चार छोट्या पॉलवर न येता पूर्ण कडीवर पसरतो. ही रचना मुळात ह्यूगी या स्विस कंपनीची, १९९० च्या दशकातली. मागचं चाक काढा, कडेची टोपी हाताने ओढा, कॅसेटसकट (मागच्या दातेरी चक्रांच्या संचासकट) फ्रीहब, म्हणजे ती बसते तो भाग, बाहेर येतो. कड्या पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या, दाबून बसवा. पाना लागतच नाही. कड्या १८ दात्यांच्या असतील तर पकड यायला २० अंशांपर्यंत फिरावं लागतं, ३६ च्या घातल्या की १०, ५४ च्या घातल्या की ६.७. हब तोच राहतो.

याच रांगेत होपचे हब. इंग्लंडमधल्या बार्नोल्ड्सविकची ही कंपनी पॉल, स्प्रिंग, बेअरिंग, टोप्या सगळं सुटं देते.

दुसरं, आट्यांचं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा दांडा फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग. प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेलं, शांत राहायचं तर फ्रेमचं भोक अगदी नेमकं पाडलेलं लागतं. जराशी तफावत आली की कुरकुर सुरू, आणि ती नक्की कुठून येतेय हे शोधण्यात जीव जातो. आट्यांच्या वाटीला एक पाना पुरतो. उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, तेवढं ध्यानात ठेवायचं. बऱ्याच कंपन्या प्रेसफिट करून परत आट्यांकडे आल्या, यातच मला उत्तर दिसतं.

तिसरं, शिमानोचं बूट अडकवायचं एसपीडी पेडल. १९९० मध्ये आलं, क्लीट (बुटाच्या तळाची धातूची पट्टी) आजही दोन बोल्टचीच.

आणि वगळतो काय? वायरलेस गिअर, बंद कार्ट्रिजचे ड्रॉपर (बटणाने खालीवर होणारे सीटपोस्ट; कार्ट्रिज म्हणजे त्यांची आतली बंद नळी), हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) नसलेले डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे भाग). चांगले असतील, पण माझ्या अर्थाने कसाला उतरलेले नाहीत.

उतारवेडा

खडीवाट, तुमच्या हबबद्दल तक्रार नाही. तक्रार निकषाबद्दल आहे. तुम्ही लावलाय तो कस स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलचा. सायकल चालते तेव्हा भागाने काय केलं, हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही.

ड्रॉपर सीटपोस्ट घ्या. गेल्या काही दशकांत माउंटन बाइक चालवण्याची पद्धत याच्याइतकी दुसऱ्या कुठल्या भागाने बदलली असेल असं मला वाटत नाही. १९८० च्या दशकात जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली होती. क्विक रिलीज सैल करून सीट खाली दाबायची आणि स्प्रिंगने ती वर यायची. म्हणजे गरज तेव्हापासूनची. २०१० मध्ये रॉकशॉक्सचा रिव्हर्ब आला आणि हँडलवरचं बटण दाबून सीट खालीवर करणं सगळीकडे रुळलं. तीव्र उतारावर सीट पोटाशी न येणं ही चैनीची गोष्ट नाही, सुरक्षिततेची आहे. असा भाग यादीत नसेल तर यादी अपुरी आहे.

आता "बंद कार्ट्रिज"चा मुद्दा. वनअप किंवा पीएनडब्ल्यूचा ड्रॉपर वरून उघडता येतो. बुशिंग पुसता येतं, ग्रीस देता येतं, आतल्या पितळी पिना बदलता येतात. उघडत नाही ते फक्त आतलं कार्ट्रिज. ते गेलं तर काढायचं, दुसरं घालायचं. तुम्ही हबचं बेअरिंग बदलता तेव्हा त्यातले छर्रे एकेक करून बदलता का? संपूर्ण बेअरिंगच ठोकून काढता ना? मग इथे वेगळा नियम का?

चिखलगाडी

उतारवेडा यांच्या शेवटच्या प्रश्नाला जोड देते. "उघडता येतं" आणि "वाचवता येतं" यांत मोठा फरक आहे. शिमानोच्या वाटी-कोनवाल्या हबकडे बघा. सुटे छर्रे, सुटे कोन, पाहिजे तेव्हा उघडा, ग्रीस भरा, कोन बरोबर आवळा, चाक तासन् तास फिरेल असं वाटतं. खडीवाट यांचा निकष लावला तर हे हब पहिले यायला हवेत. पण आत पाणी शिरलं आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर वाटीत खड्डे पडतात. कोन नवा मिळतो, छर्रे नवे मिळतात, वाटी मात्र हबच्या अंगातच बसवलेली असते. ती गेली की हब गेला, आणि स्पोक सोडून चाक नव्याने विणायचं.

बंद बेअरिंगच्या हबमध्ये तीच झीज एका स्वस्त, ठरलेल्या मापाच्या बेअरिंगवर येते. मी सतत ओल्या मातीत चालवते, म्हणून माझा कस असा: दुर्लक्ष झालं तर किती महागात पडतं? सेवा केल्यावर सगळेच भाग चांगले वागतात.

खडीवाट

चिखलगाडी, वाटीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि म्हणूनच मी शिमानोचा हब यादीत घेतला नव्हता. झिजणारा तुकडा सुटा मिळावा, ही अट तिथे पूर्ण होत नाही.

ड्रॉपरबाबत एक अट घालून पुढे जातो. केबलवर चालणारा आणि कार्ट्रिज काढता येणारा असेल तर चालेल. तेल आणि हवा एका नळीत, मध्ये फक्त एक सील, अशी रचना मला पटत नाही. हवा सील ओलांडून तेलात गेली की सीट वर असूनही बसल्यावर दबते, आणि ते घरी नीट करायला खास साधनं लागतात.

पण हँगर नसलेल्या डिरेलरवर मी ठाम आहे. हँगर हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. सायकल खडकावर पडली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि डिरेलर व फ्रेम वाचतात. पिशवीत एक जास्तीचा हँगर ठेवला की माणूस सायकल चालवत परत येतो. तो दुवाच काढून टाकल्यावर तो जोर जाणार कुठे?

उतारवेडा

जोर एक्सलवर जातो, आणि एक्सल तो घेण्याइतका जाड आहे. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आणला तेव्हा तो सगळ्या कंपन्यांच्या फ्रेमना एकच बसावा असा होता. मार्च २०२३ मध्ये टी-टाइप ट्रान्समिशन (स्रॅमचा वायरलेस गिअरसंच) आलं आणि त्याच जागी डिरेलर थेट फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरून बसला. त्याला वर-खालच्या मर्यादेचे स्क्रू नाहीत, डिरेलरचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा बी-स्क्रूही नाही. ते सगळं सांभाळायचं काम हँगर वाकतो म्हणून होतं. वाकलेला हँगर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. माणूस केबलचा ताण कमीजास्त करत बसतो आणि कॅसेटवर चेन घासत राहते. "कच्चा दुवा" प्रत्येक छोट्या धक्क्याला थोडा थोडा वाकतो, हे त्याचं रोजचं रूप आहे. नेमका तुटायचा तेव्हाच तुटून डिरेलर वाचवतो, हे क्वचित.

शिवाय टी-टाइपचा पिंजरा, बाहेरचा दुवा, खरचटणाऱ्या पट्ट्या वेगळ्या बदलता येतात. म्हणजे तुमच्याच निकषात बसतं. बॅटरी लागते हा आक्षेप मला मान्य आहे. चार्ज न करता निघालं की खेळ खलास.

मागचं_चाक

दोघेही गिअर बदलतात कसे यावर बोलताय. झिजतं कोण? कॅसेट आणि चेन. त्यावर कुणीच नाही.

१० दात्यांचं सर्वांत छोटं चक्र हा टिकाऊपणाचा शत्रू आहे. दाते कमी, म्हणून एकेका दात्यावर भार जास्त, आणि चेनला वळणही जास्त घ्यावं लागतं. २०१२ च्या स्रॅम एक्सएक्स१ गिअरसंचापासून १० दाते आले आणि सगळे त्याच्या मागे गेले, कारण पुढची दुसरी चेनरिंग (पेडलांजवळचं दातेरी चक्र) काढून टाकायची होती. ते काढणं योग्यच होतं. एकाआड एक जाड-बारीक दात्यांची चेनरिंग आणि क्लचचा (चेन ताणून धरणारा) डिरेलर हे दोन शोध मी डोळे झाकून कसाला उतरलेले म्हणेन. चेन पडणं जवळपास संपलं. पण १०-५२ ची ५२० टक्के रेंज (सर्वांत मोठ्या आणि छोट्या चक्राचं गुणोत्तर) प्रत्येकाला हवी कशाला?

माझं मत शिमानोच्या लिंकग्लाइडला. २०२१ मध्ये आलेली मालिका. दाते जाड, शिमानोच्या जुन्याच एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसते, ११ वेगांच्या कॅसेटमध्ये ११ ते ५० दाते. रेंज ४५४ टक्के. कॅसेट तिप्पट टिकते असा कंपनीचा दावा आहे. दावा बाजूला ठेवला तरी दात्यांची जाडी हातात घेतल्यावर कळते. वजन वाढतं, हे खरं.

आणि चेन मोजा. १२ वेगांच्या चेनमध्ये ०.५ टक्के लांबी वाढली की ती काढायची. मापकाशिवाय "अजून चालेल" म्हणणारा माणूस कॅसेटचे पैसे घालवतो. चेन मेणात भिजवून वापरली तर खडी चिकटत नाही. ओल्या तेलाला ती चिकटते आणि सांध्यात घासत बसते.

उतारवेडा

वजन वाढतं ते कुठे, हेही बघा. मागच्या चाकावर, सस्पेंशनच्या खाली. खडकाळ उतारावर मागचं चाक जितकं जड, तितकं ते जमीन सोडून उशिरा परत येतं. फुल सस्पेंशनवर जाड कॅसेट हा फुकटचा टिकाऊपणा नाही. हार्डटेल (मागे सस्पेंशन नसलेली सायकल) चालवणाऱ्याला मात्र हे सुचवीन.

चिखलगाडी

ब्रेकवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे मत फारसं जुळणार नाही असं दिसतंय.

हायड्रॉलिक ब्रेकमधल्या दोन प्रकारच्या तेलांत मी डॉटऐवजी मिनरल ऑइलच्या बाजूची. डॉट तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २६० अंश आणि ओल शोषल्यावर किमान १८० अंश, असं मानकच सांगतं. म्हणजे ते बदलत राहावं लागतं, शिवाय रंगावर सांडलं तर रंग उठतो. आता स्रॅमनेही डीबी८ आणि २०२४ च्या मेव्हन ब्रेकमध्ये मिनरल ऑइल घेतलंय.

पण रोटरला (चाकावरच्या चकतीला) दाबणाऱ्या पॅडची निवड याहून महत्त्वाची. चिखलात रेझिन पॅड पाहता पाहता संपतात. धातूचे पॅड टिकतात, ओल्यात आवाज करतात, तो मी सहन करते. रोटरवर फक्त रेझिनसाठी असं छापलं असेल तर त्यावर धातूचे पॅड लावू नका, रोटर खरवडून जातो.

खडीवाट

तेलाबाबत इथे उलट मत देतो. डॉटमध्ये शिरलेली ओल सगळ्या तेलात विरघळून पसरते. मिनरल ऑइलमध्ये पाणी विरघळत नाही. आत गेलंच तर जड म्हणून खाली कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) साठतं, म्हणजे नेमकं जिथे सर्वांत जास्त ताप होतो तिथे. ते पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणून "मिनरल आहे, बदलायला नको" ही समजूत मला धोक्याची वाटते. कुठलंही असो, बदलायचंच. आणि एकाचं दुसऱ्यात कधीही घालायचं नाही, सील फुगून ब्रेक निकामी होतो.

मागचं_चाक

टायरवर थोडक्यात. पुढे मॅक्सिस मिनियन डीएचएफ, मागे डीएचआर २. डीएचएफच्या मधल्या आणि कडेच्या गुट्ट्यांमध्ये रिकामी पट्टी आहे, तिथे नवखा चालक घाबरतो. सायकल पुरेशी कलती केली की कडेच्या गुट्ट्या पकडतात आणि मग ती पकड सुटत नाही. पण नुसतं नाव वाचून घेऊ नका. त्याच नावात एक्सोची हलकी कूस आणि डबलडाउनची जाड कूस असे वेगवेगळे टायर मिळतात. खडकांवर पुढे एक्सो, मागे डबलडाउन. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) काही महिन्यांत वाळतं, तेव्हा चाक हलवून आत द्रव उरलाय का ते ऐका.

सैल_स्पोक

नवा आहे. माझ्याकडे १० वेगांची हार्डटेल आहे, एचजी फ्रीहब, पुढे दोन चेनरिंग, ड्रॉपर नाही. एकच गोष्ट बदलायची तर कोणती?

खडीवाट

गिअर. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स बघा. १० वेग, ११-४८ कॅसेट, क्लचचा डिरेलर, तुमच्याच फ्रीहबवर बसेल. पुढे जाड-बारीक दात्यांची एक चेनरिंग. सगळं घरी उघडता येतं.

उतारवेडा

गिअर चालू आहेत ना? मग ते राहू द्या, झिजले की बदला. आधी ड्रॉपर. दोन चेनरिंगसह तुम्ही चढ चढताच आहात, पण उंच सीट घेऊन उतार शिकता येत नाही. घेण्याआधी सीटपोस्ट काढून त्यावर छापलेला व्यास वाचा. बहुधा २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर असेल. २७.२ असेल तर पर्याय कमी आणि सीट खाली जाण्याचं अंतरही कमी. फ्रेममध्ये केबलसाठी भोक नसेल तर बाहेरून केबल येणारा ड्रॉपर घ्या, तोही चालतो.

चिखलगाडी

आणि सीट ट्यूबमध्ये पोस्ट किती खोल जातो तेही मोजा. आत बाटलीच्या जाळीचे बोल्ट किंवा नळीचं वळण आडवं आलं तर लांब ड्रॉपर पूर्ण बसत नाही. कॉलर आवळताना टॉर्क पान्याने, त्यावर छापलेल्या आकड्यापर्यंतच. जास्त आवळला तर ड्रॉपरची नळी दबते आणि सीट वर यायला अडखळते.