जुनी गाडी म्हणजे जाड ऑइल, हे कोणी ठरवलं?

कोथरूडचा झेनवाला
मारुती झेन, १९९९ची, पेट्रोल, सव्वा लाखाच्या वर चाललीये. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिकचं एकच, "गाडी जुनी झाली साहेब, आता वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू५० ऑइल टाकू." का म्हणून विचारलं तर जुन्याला जाडच लागतं, विषय संपला. अरे पण गाडी ऑइल खात नाही, धूर नाही, डिपस्टिकवर लेव्हल जागची हलत नाही, मग जाड कशाला? २०डब्ल्यू५० मधला ५० सांगतो की १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं, आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या स्टार्टचा. सकाळी इंजिन गार असताना २०डब्ल्यू५० हे ५डब्ल्यू३० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं, वर कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचायला वेळ घेतं, आणि झीज तर तेव्हाच जास्त होते. मॅन्युअलमधल्या तक्त्यात १०डब्ल्यू३० आहे, मी तेच टाकणार. गाडीचं वय बघून ऑइल जाड करत जायचं हे मला अजिबात पटत नाही.

वऱ्हाडी ८००
भाऊ, पुण्याच्या हवेत बसून बोलणं सोपं आहे. मे महिन्यात नागपूरला या, ४५ डिग्री असते इथं. माझी ८०० सीताबर्डीच्या सिग्नलला एसी लावून उभी राहिली की ऑइल प्रेशर कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकायचा. २०डब्ल्यू५० टाकलं, दिवा बंद. तुमचं ३० वालं इथं पाण्यासारखं होऊन जाते.

कोथरूडचा झेनवाला
बाहेर ४५ असो नाहीतर २५, थर्मोस्टॅट आणि फॅन नीट असतील तर कूलंट नव्वदच्या आसपासच राहतं, ऑइलही त्याच्या फार लांब जात नाही. म्हणजे उन्हाळ्याने फरक पडतो पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. आणि तो दिवा ऑइलमुळे नव्हता हो, बेअरिंगमधला गॅप वाढलाय किंवा पंप थकलाय किंवा नुसता सेन्सर गेलाय. गेज लावून प्रेशर बघायचं सोडून जाड ऑइल ओतलं म्हणजे रोग तिथेच, फक्त दिवा विझला. जाड ऑइलला प्रेशर जास्त दिसतं पण म्हणून बेअरिंगला ऑइल जास्त मिळतं असं नाही.

सांगलीचं गॅरेज
दिवा विझवला म्हणता, मान्य. पण साहेब, गिऱ्हाईक येतं ते असं सांगत येतं की गाडी विकली तर चाळीस हजार येतील, आणि इंजिनचं काम काढलं तर तेवढ्यातलं किती उरतं सांगा. बेअरिंग ढिलं झालंय हे मलाही कळतं, पण जाड ऑइलवर अजून दोन वर्षं पोरं शाळेत सोडता येत असतील तर मी वीस-पन्नासच टाकणार, आणि त्याला सांगून टाकणार.

ऑइल जळून येणाऱ्या निळ्या धुराचं मात्र सगळे एकाच मापात मोजतात ते चूक आहे. आंबा घाट उतरताना गाडी गिअरमध्येच सोडा, खाली आल्यावर ॲक्सिलेटर दाबताच मागून निळा भपका आला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या सेल्फला भपका, तेही सीलच. चढाला जोर लावल्यावर सारखा निळा धूर राहिला तर पिस्टनच्या रिंगा. सीलला अख्खं इंजिन उतरवायला लागत नाही, खर्चही मानाने कमी, तिथे जाड ऑइल टाकून वर्षं काढणं म्हणजे उगाच. रिंगांचं काम मोठं, तिथे माणूस जाड ऑइलवर ढकलतो.

ठाणे_टर्बो
एवढी चर्चा कशाला, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू३० टाका आणि विसरा. माझ्या घरातल्या सगळ्या गाड्यांना तेच.

वऱ्हाडी ८००
टाका ना, मग पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा पण टाका. जुन्या इंजिनला सिंथेटिक टाकलं की गळती सुरू.

ठाणे_टर्बो
सिंथेटिक सील फाडत नाही हो, ती पहिल्या पिढीच्या ऑइलची गोष्ट. सील आधीच कडक होऊन तडकलेलं असतं, वर्षानुवर्षांचा काळा चिखल भोक बुजवून बसलेला असतो, चांगल्या ऑइलने तो धुऊन काढला की गळती दिसते.

सांगलीचं गॅरेज
म्हणजे गळते तर खरंच की! गिऱ्हाईक ऑइलला नाही, मला शिव्या घालतं. आणि डब्यावरच्या सिंथेटिकवर फार जाऊ नका, १९९९ला अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल या ऑइल कंपन्यांचं सिंथेटिक कशाला म्हणायचं याच्यावरूनच भांडण झालं होतं आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, तेव्हापासून खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया केलेलं ऑइलही सिंथेटिक म्हणून विकतात. वाईट नसतं ते, चांगलंच असतं, पण आपण कशाचे पैसे मोजतोय ते माहीत पाहिजे.

पद्मिनीकाका
माझ्याकडे प्रीमिअर पद्मिनी आहे, म्हणून दोन शब्द. झेनवाले, तुमच्या गाडीला ओव्हरहेड कॅम आहे, म्हणजे कॅम वर हेडमध्येच, माझीला कॅम खाली, तिथून व्हॉल्व्ह ढकलायला पुशरॉड आणि सपाट टॅपेट. कॅम टॅपेटवर घासत फिरतो, त्याला ऑइलमधलं झिंक-फॉस्फरस वाचवतं. २००४ला एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसएम हा ऑइलचा दर्जा आला तेव्हा ५डब्ल्यू३०, १०डब्ल्यू३० अशा पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून. २०डब्ल्यू५० ला ती मर्यादा नाही. माझ्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, मग मी ते पातळ ऑइल का टाकू? नवीन ते चांगलं म्हणून कोणी एसपी या नव्या दर्जाचं ५डब्ल्यू३० गळ्यात मारू नका, निदान मला तरी नको.

कोथरूडचा झेनवाला
काका, तुमच्याशी भांडण नाहीच, पद्मिनीला वीस-पन्नास बरोबरच आहे. पण ती जुनी आहे म्हणून नाही, तिचं इंजिन तसं आहे म्हणून. माझा मेकॅनिक हा फरक करत नाही, दुखणं तिथे आहे.

वऱ्हाडी ८००
तुम्ही लोक लय वाचता. माझा दिवा बंद आहे, गाडी चालून राहिली, मी काही बदलत नाही.

सांगलीचं गॅरेज
८००वाले, चालवा, पण सर्व्हिसिंगला एकदा सेन्सर काढून तिथे गेज लावून घ्या, इंजिन कडक गरम झाल्यावर आयडलला प्रेशर किती येतंय ते बघा आणि आकडा टाका इथे. सेन्सरच गेलेला निघाला तर पुढच्या वेळी १५डब्ल्यू४० चालेल तुम्हाला. आणि डबा सीलबंद घ्या, आपल्यासमोर ओतून घ्या आणि रिकामा झाला की भोक पाडूनच टाका. रिकाम्या डब्यात काय भरून परत विकतात ते या धंद्यात सगळ्यांना माहिताय.